मागच्या माणसाची जागा

मी विमान बोलतोय. लढाईतलं बॉम्बर विमान. पण आधीच सांगून टाकतो, मी कधी उडालो नाही आणि कुणाच्या डोक्यावर काही टाकलंही नाही. मी लाकडाचा आहे. पंख पसरले तर दोन फूट भरतो. भिलाईला मरोद्याच्या एका क्वार्टरमध्ये कपाटाच्या डोक्यावर माझा मुक्काम असतो. कारखान्याची तांबूस धूळ रोज माझ्यावर बसते. घरात कुणाच्या लक्षात आलं तर ती पुसली जाते, नाहीतर राहते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला कुणी खेळणं म्हटलं तर मात्र राग येतो.

माझा जन्म खोक्यातून झाला. कारखाना उभा राहत होता तेव्हा रशियातून यंत्रं येत, ती पाइनच्या जाड फळ्यांच्या पेट्यांत. पेटी फुटली की फळ्यांवर लोकांच्या उड्या पडत. कुणी त्यांची कोंबड्यांची खुराडी केली, कुणी पाट केले, कुणी पावसाळ्यापुरती भिंत उभी केली. त्यातलाच एक तुकडा पुंडलिकच्या हाती लागला आणि मी झालो. माझ्या पोटात अजून दोन रशियन अक्षरं आहेत. ती या घरात कुणालाच वाचता येत नाहीत, मलाही नाही.

पुंडलिक पॅटर्न शॉपमध्ये कामाला होता, अजूनही आहे. लोखंडाची कुठलीही वस्तू ओतायची तर आधी तिचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो. तो नमुना वाळूत दाबायचा, मग अलगद बाहेर काढायचा, आणि वाळूत जी पोकळी उरते तिच्यात तापलेला रस ओतायचा. पुंडलिक असे नमुने करतो. त्याच्या हाताला रंधा आणि पटाशीची इतकी सवय आहे की जेवतानासुद्धा भाकरीचा तुकडा तो सरळ रेषेत मोडतो. ह्यावरून त्याची वहिनी त्याला चिडवायची.

विश्वकर्मा पूजेला शॉपमधली माणसं देवापुढे आपली हत्यारं मांडतात, आणि हौशी माणसं हातानं केलेली एखादी वस्तूही ठेवतात. कुणी मंदिर करतं, कुणी रेल्वेचं इंजिन, कुणी आपल्या भट्टीचीच छोटी प्रतिकृती. त्या वर्षी पुंडलिकनं मला केलं. “विमान कावून केलं?” असं सगळ्यांनी विचारलं. “असंच,” म्हणून त्यानं सगळ्यांची बोळवण केली.

ते “असंच” नव्हतं. घरात भिंतीवर एक फोटो होता. त्यात एक उंच तरुण विमानाला टेकून उभा होता आणि ऊन डोळ्यांवर आल्यामुळे कपाळाला आठ्या घालून हसत होता. तो दौलत, पुंडलिकचा थोरला भाऊ. भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्याच्या घरातला पहिला मॅट्रिक पास. मोठ्या लढाईत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, तो वायुदलात भरती झाला, विमानातला गनर म्हणजे बंदूकवाला झाला आणि ब्रह्मदेशच्या सरहद्दीवर गेला. एक दिवस तार आली, दौलत बेपत्ता. त्यानंतर काहीच आलं नाही. फोटोला हार नव्हता.

फोटोत विमान अर्धंच आलं होतं. त्या अर्ध्यावरून पुंडलिकनं मला केलं आणि उरलेला अर्धा अंदाजानं. म्हणजे माझी सुरुवातच निम्मी खरी आणि निम्मी मनची होती.

पूजेच्या दिवशी देवापुढे मी झेंडूच्या माळांमध्ये बसलो होतो. लोक येत, वाहवा करत, पुढे जात. एक मध्यम वयाचा माणूस मात्र थांबला. माझ्याभोवती एक फेरी मारली, वाकून माझ्या पोटाखाली पाहिलं आणि म्हणाला, “हे तं आमचं डुबकीवालं होय. पण चाकं चुकली. अन् पंख असे सरळ नव्हते जी, मधातून मोडल्यासारखे होते.”

हा तेजराम. कारखान्यात क्रेन चालवायचा. लढाईच्या काळात तो वायुदलात होता. उडायचा नाही, जमिनीवर राहून विमानांच्या बंदुकांत काडतुसं भरायचा आणि पोटात बॉम्ब लटकवायचा. दोन माणसांचं, एका इंजिनाचं, नाक खाली करून सरळ निशाण्यावर सूर मारणारं ते बॉम्बर त्याच्या रोजच्या हातातलं. त्याला ते सगळे डुबकीवालं म्हणत.

पुंडलिक म्हणाला, “माहा भाऊ होता ह्याच्यात. गनर. दौलत नाव.”

तेजरामनं माझ्या पंखावरचा हात काढून घेतला. बराच वेळ तो देवाकडेच पाहत राहिला. मग म्हणाला, “लंबा होता? हसला का डोळे बारीक व्हायचे?”

“वळखता तुमी?”

“वळखत होतो,” तेजराम म्हणाला. त्याहून जास्त तो काही बोलला नाही. पुंडलिकला मात्र इतका आनंद झाला की त्यानं येत्या रविवारी जेवायलाच बोलावलं.

घरात तेव्हा तिघं होती. पुंडलिक, त्याची आई तुळसाबाई आणि दौलतची बायको सत्यभामा. पुंडलिकचं लग्न राहूनच गेलं होतं. मोठ्याचं काही ठरल्याशिवाय धाकट्याचं कसं करायचं, असं तुळसाबाईंचं म्हणणं. सत्यभामा लग्नानंतर नवऱ्याबरोबर जेमतेम एक उन्हाळा राहिली होती. ती कुंकू लावायची, मंगळसूत्र घालायची. पण शेजारी हळदीकुंकू असलं की तिला बोलवावं की नाही ह्यावर बायकांची कुजबुज चाले. बोलावलं तर ओटी भरताना हात अडखळे, नाही बोलावलं तर चुकल्यासारखं वाटे. शेवटी तीच डोकं दुखतं म्हणून घरी राहायची.

बारा वर्षं माणसाचा ठावठिकाणा लागला नाही की त्याच्या नावानं पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. मग दहावा, तेरवी, सगळं रीतसर. बारा वर्षं केव्हाच उलटली होती. गावाकडून भाऊबंदांचे निरोप येत की आता उरकून टाका. तुळसाबाई ऐकत नव्हत्या.

“पत्ता नाही लागला म्हणून माहा पोरगा मेला का?” त्या म्हणायच्या. “जित्या माणसाचा बाहुला जाळू? मी तं हात नाही लावू देणार.”

आईच्या मनाविरुद्ध पुंडलिक काही करणार नव्हता. त्यामुळे सत्यभामेला बायको म्हणून वाट पाहावी लागत होती आणि विधवा म्हणून रडायची सोय नव्हती. ह्या घरातली खरी अडचण ही होती. त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. मी आल्यावर सगळे माझ्याबद्दलच बोलायला लागले.

पूजेनंतर मला घरी आणलं तेव्हा तुळसाबाईंनी मला मांडीवर घेतलं आणि पाठीवरून बोटं फिरवली. मी तेव्हा भरीव होतो, आत काही नव्हतं, वर नुसती काचेची रेघ रंगवलेली.

“तो कोठी बसे?” त्यांनी विचारलं.

पुंडलिकनं बोट दाखवलं.

“इथं तं लाकूडच आहे.”

बस, त्या एका वाक्यानं माझं रूप बदलायला सुरुवात झाली. त्याच आठवड्यात पुंडलिकनं पटाशीनं माझी पाठ उघडली आणि दोन जागा कोरल्या. पुढची विमान चालवणाऱ्याची, मागची दौलतची. तेजरामनं रविवारी सांगितलं की मागचा माणूस मागे तोंड करून बसतो, कारण शत्रू मागूनच येतो. तुळसाबाईंनी थोडा विचार केला.

“म्हंजे विमान तिकडं जाऊन राहिलं तं ह्याचं तोंड घराकडं?”

तेजराम म्हणाला, “हो काकी. तसंच म्हना.”

हे ऐकून त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी तेजरामला आग्रह करून अजून एक भाकर वाढली.

मग दर रविवारी तेजराम येई आणि माझ्यात काहीतरी भर पडे. सरळ पंख कापून मधे बाक दिला गेला. सूर मारताना वेग आवरायला पंखांवर दातेरी पट्ट्या उघडत, त्या सत्यभामेच्या मोडक्या फणीतून कापल्या. बंदुका सायकलच्या स्पोकच्या. दवाखान्यातली जुनी एक्स-रे फिल्म सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन, लाकडी ठोकळ्यावर दाबून माझं झाकण केलं. त्यात कुणाच्या बरगडीची पुसट सावली राहिली होती, ती मात्र काही केल्या गेली नाही. माझ्या अंगभर रिव्हेट आहेत, म्हणजे सुईच्या टोकानं ठेवलेले लाखेचे ठिपके. पुंडलिक ते ठेवताना श्वास रोखून धरायचा आणि घरातली बाकीची माणसंही उगाच हळू बोलायची.

हे सगळं तेजरामच्या आठवणीतून आलं. पण बाकीचं तुळसाबाईंच्या प्रश्नांतून. त्या विमानाबद्दल विचारत नसत. “तहान लागली तं?” असं विचारत. तेजराम सांगे की पाण्याची बाटली असायची, उजव्या हाताला. मग पुंडलिक शिशाच्या थेंबाची बाटली करी. “वरतं थंडी वाजत असन.” मग सत्यभामा लोकरीच्या धाग्याची इवलीशी गादी शिवी. “पुढच्यासंग बोलता ये का?” मग तांब्याची बारीक तार पुढच्या जागेपासून मागच्या जागेपर्यंत ओढली जाई. “पडत तं नसन ना?” मग पट्टा.

माणसांची एक सवय माझ्या लक्षात आली आहे. जो प्रश्न विचारायचा असतो तो ती विचारत नाहीत, त्याच्या आजूबाजूचे सगळे विचारतात. आणि उत्तर देणाराही तसाच. तेजराम माझ्याबद्दल बाटलीपर्यंत, तारेपर्यंत, पट्ट्याच्या बकलापर्यंत खरं तेच सांगत होता. एकही गोष्ट त्यानं मनची सांगितली नाही. पण प्रत्येक रविवारी जेवून उठताना तो माझ्याकडे पाहायचं टाळायचा, हे मी कपाटावरून बघत होतो. मला पूर्ण करायची त्या घराला घाई होती आणि मी पूर्ण होऊ नये अशी त्याची इच्छा होती.

एक दिवस सगळं झालं. रंग झाला, काच झाली, बंदुका फिरायला लागल्या. तुळसाबाई म्हणाल्या, “आता त्याले बसव.”

पुंडलिकनं पटाशी हातात घेतली आणि परत ठेवली. देवाची मूर्ती करणं वेगळं आणि भावाची वेगळी. शेवटी त्यानं सागाच्या तुकड्यातून एक माणूस कोरला, बोटाच्या दोन पेरांएवढा. सत्यभामा शेजारी बसून सांगत होती. खांदे अजून रुंद. मान थोडी पुढं, दारातून वाकून ये जा करायची सवय होती ना. तोंड कोरायची वेळ आली तेव्हा पुंडलिकनं फोटोकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, “तोंड राहू द्या भाऊजी.” मला वाटतं, तिला तो चेहरा नीट आठवत नसावा आणि फोटोवरून ठरवायचा नसावा. दौलत बिनचेहऱ्याचाच माझ्यात बसला.

तो रविवार मी विसरणार नाही. दुपारची वेळ होती, वांग्याची भाजी आणि भात. तेजराम ताटावर बसला होता. तुळसाबाईंनी मला उचललं, मागचं झाकण सरकवलं, सत्यभामेनं शिवलेला पट्टा सोडला, आणि मला नुसतं तिरकं केलं. लाकडी दौलत घसरून त्यांच्या तळहातावर आला. त्यांनी त्याला परत बसवलं, परत तिरकं केलं. तो परत तसाच बाहेर आला, कुठे अडकला नाही, घासला नाही.

“पाय वो सत्यभामे!” त्या म्हणाल्या. “किती सहज निघते!” त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. “आग लागो का कायी होवो, असा निघाला असन तो. निघालाच असन! जंगलात पडला असन, तिकडच्या लोकायनं ठेवून घेतला असन. मी तं म्हणतच होती. एवढी मोकळी जागा आहे बापा, निघाले काय लागते?”

त्या रडत नव्हत्या, हसत होत्या. तिसऱ्यांदा त्यांनी दौलतला माझ्यातून बाहेर काढलं.

पुंडलिक मात्र माझ्याकडे बघत राहिला होता. त्यानं पुढे येऊन मागच्या जागेत बोट घातलं, कडेनं फिरवलं, आणि कपाळाला हात लावला.

“माय,” तो म्हणाला, “हे जागा अशी नसन. हे माह्या हातची खोड होय.”

“कायची खोड?”

त्याला सांगणं जड जात होतं. पॅटर्न शॉपमध्ये कुठल्याही नमुन्याची उभी बाजू कधी सरळ ठेवत नाहीत. तिला थोडा ढाळ देतात, खळगा असेल तर तळाशी अरुंद आणि तोंडाशी रुंद करतात. ढाळ नसेल तर नमुना काढताना वाळू फुटते आणि सगळं वाया जातं. ह्या कामात पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच, की आत गेलेली वस्तू न अडकता बाहेर आली पाहिजे. पुंडलिकचा हात इतकी वर्षं तेच करत होता. माझ्यात दौलतची जागा कोरतानाही हातानं विचारलं नाही, ढाळ देऊन टाकला.

“म्हणून निघते, माय. मी निघन अशीच केली. मले समजलं बी नाही.”

तुळसाबाईंनी त्याचं ऐकलं, पण त्या त्याच्याकडे पाहत नव्हत्या. त्या तेजरामकडे वळल्या. “तेजराम, तू त्याच्यात रोज चढे. तू सांग. खरी जागा अशीच होती ना?”

तेजरामचा हात भातात होता.

स्वयंपाकघराच्या दारात सत्यभामा उभी होती. ह्या घरात ती परक्या पुरुषाशी चार शब्दांवर बोलत नसे. त्या दिवशी ती बोलली. “तेजरामभाऊ, तुमी पाण्याची बाटली सांगितली. तार सांगितली. पट्ट्याचं बकल सांगितलं. आता हे बी सांगा. मले आयकाचं आहे.”

त्यानं ताट बाजूला सरकवलं. हात न धुताच तो बोलायला लागला.

“जागा अरुंद होती, काकी. लय अरुंद. पॅराशूट आंगावर बांधून बसताच ये नाही. ते पाठीमागं हुकाले लटकवून ठेवत. घ्याचं तं आंधी उठा लागे, मंग वळा लागे, मंग बांधा लागे. बुटका माणूस कसातरी वळे. दौलत लंबा होता. आमी त्याले चिडवो, तुह्यासाठी विमान कापा लागन म्हणून.”

त्यानं बोटांवरचा भात ताटात झटकला. मग पुढचं सांगितलं.

“त्या दिवशी मी जमिनीवरच होतो. बाजूच्या विमानातला गनर परत आला, त्यानं पायलं होतं. इंजिनाले आग लागली. पुढच्यानं उडी घेतली, त्याची छत्री उघडली. त्याचाबी मंग पत्ता नाही लागला. दौलत उठला होता, काकी. अर्धा उठला होता. मागं वळून हुकाकडं हात करून राहिला होता. तेवढ्यात समोर टेकडी आली.”

“मंग?”

“मंग कायी नाही, काकी.”

बाहेर कारखान्याच्या गाडीची शिटी झाली आणि विरून गेली. तुळसाबाईंची मूठ मिटलेली होती, दौलत तिच्यात होता.

“तुले पह्यल्या दिवशीच मालूम होतं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मंग कावून नाही सांगितलं रे?”

“पह्यल्या दिवशी तुमी मले वाढलं,” तेजराम म्हणाला. “तुमी म्हटलं, माह्या दौलतचा दोस्त आला, पोटभर जेव. घास तोंडात होता, काकी. कसा सांगू? मंग दुसऱ्या रविवारी तुमी बाटलीचं विचारलं. मले वाटलं, चाल, बाटलीचं तं खरं सांगता येते.”

तुळसाबाई त्याला रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, “आखरीले त्याच्यापाशी कोणी नव्हतं?”

“कोणी नाही, काकी,” तेजराम म्हणाला.

तेव्हा आतून आवाज आला. सत्यभामा चुलीपाशी बसून रडत होती. आधी दबून, मग मोठ्यानं. मी ह्या घरात आल्यापासून तिला रडताना ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं जे रडणं अशुभ म्हणून थोपवून धरलं होतं ते सगळं एकदम आलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तरी सासू म्हणायची, “जित्या नवऱ्याच्या नावानं रडू नोको.” त्या दिवशी सासू उठली, गुडघ्यावर हात टेकत आत गेली आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसली. “रड माय,” त्या म्हणाल्या. “रड. मीच तुले रडू नाही दिलं.”

मी लाकूड आहे. मला रडू येत नाही. पण त्या दुपारी मला स्वतःची लाज वाटली. माझ्या मोकळ्या जागेनं एका आईला घटकाभर खोटी आशा दाखवली होती, आणि तीही पुंडलिकच्या भल्या हातानं.

दुसऱ्या दिवशी पुंडलिक कामावरून आला तो पटाशी घेऊनच माझ्यापाशी बसला. मागच्या जागेतली गादी, बाटली, तार सगळं त्यानं काढून ठेवलं. तो बाजू आतून भरून घेणार होता, कडा सरळ करणार होता, तेजरामनं सांगितली तशी अरुंद जागा करणार होता. चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. पटाशीचं टोक माझ्या कडेला लागलंही.

“राहू दे,” तुळसाबाई म्हणाल्या.

“पण माय, हे खोटं आहे.”

“मालूम आहे मले. खरी कशी होती ते आता माह्या डोक्यात बसली. ते मरेलोक निघत नाही. हे एक तरी मोकळी राहू दे रे.”

त्यानं पटाशी खाली ठेवली.

पळसाचे देठ उतई गावाच्या बाजूनं आले. शिवनाथ नदीच्या काठी, दुर्गला, पुतळा मांडला गेला. तिथे मी नव्हतो, त्यामुळे परत आल्यावर जे बोलणं झालं तेवढंच मला माहीत आहे. डोक्याच्या जागी नारळ ठेवला होता. पुंडलिकनं लाकडी दौलतला त्या देठांच्या छातीवर ठेवलं आणि अग्नी दिला. तेजराम खांदा द्यायला होता. पळस ओला होता म्हणून पेटायला वेळ लागला, सागाच्या तुकड्यानं मात्र लगेच पेट घेतला.

त्यानंतर फोटोला हार आला. सत्यभामेनं कुंकू पुसलं ते कुणी पुसायला लावायच्या आधी, स्वतःच्या हातानं, आणि वर्षभरात दुर्गच्या दवाखान्यात नर्सचं काम शिकायला लागली. आता ती तिथेच असते. सुटीच्या दिवशी येते, पहिल्यांदा चूल बघते आणि मग माझी धूळ पुसते. पुंडलिकचं लग्न झालं. तेजराम अजून येतो. दोन वर्षांमागे उन्हाळ्यात तुळसाबाई गेल्या. शेवटच्या दिवसांत त्या कधीकधी मला मागून घेत आणि मागच्या रिकाम्या जागेत एक बोट घालून बसून राहत. त्या काय करत होत्या ते कुणी विचारलं नाही आणि मीही सांगणार नाही.

आता माझी काळजी सांगतो. कारखान्याच्या क्लबमध्ये कामगारांच्या हातच्या वस्तूंचं प्रदर्शन भरणार आहे. नुकतीच पाकिस्तानशी लढाई होऊन गेली, त्यामुळे विमानं बघायला लोक उत्सुक आहेत. पुंडलिकचे शॉपमधले सोबती कृष्णराव परवा येऊन मला उलटसुलट बघून गेले. माणूस कसबी आहे आणि मनानंही चांगला आहे. ते म्हणाले, “पुंडलिक, काम एक नंबर. पण हे मागची जागा पाय. बाजू सरळ नाही, ढाळ तसाच आहे, अन् सीट रिकामी आहे. जज लोक नंबर कापतीन. मी एका रविवारात करून देतो, माणूस बी बसवून देतो.” पुंडलिकनं हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. तो म्हणाला, “पायतो.” त्याला सगळं सांगावं लागेल, आणि ते सांगणं त्याला जमत नाही. कृष्णराव पटाशीला धार लावून रविवारी येणार आहेत.

मला त्यांच्याशी बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. तुमच्यापैकी कुणाची कृष्णरावांशी ओळख असेल तर एवढं करा. म्हणावं, रंग उडालाय, तो नवा द्या. बंदुकांना गंज चढलाय, तो घासा. फणीचे दोन दात पडलेत, तेही बसवा. पुढच्या माणसाची जागा तुमच्या मनाप्रमाणे सरळ करून घ्या. मागच्या जागेला हात लावू नका. ती चुकलेली नाही. तिथून एक माणूस सहज बाहेर निघालेला आहे, आणि त्याच्या आईनं ते तीन वेळा आपल्या डोळ्यांनी पाहिलं आहे.